दमट उन्हाळ्यात चेहऱ्यावर किती थर हवेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थंडीत ज्या रूटीनवर त्वचा छान होती, तेच रूटीन उकाडा वाढताच बाधायला लागलं. सकाळी फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सी, हायल्युरॉनिक सीरम, क्रीम आणि वर सनस्क्रीन. रात्री ॲडापॅलीन, म्हणजे मुरुमांवरचं रंध्रं मोकळी ठेवणारं औषध, आणि पुन्हा तेच क्रीम. अर्ध्या तासात चेहरा ओशट होतो, सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यांत उतरतं आणि कपाळावर बारीक खाजरी पुरळ उठली आहे. मग मॉइश्चरायझर बंद करावं का, चेहरा दिवसातून चार-पाच वेळा धुतला तर चालेल का आणि ॲडापॅलीन उन्हाळा संपेपर्यंत थांबवावं का?

आधी छोटी उत्तरं. मॉइश्चरायझर हलकं करा, एकदम बंद नको. साध्या पाण्याने हवा तेवढ्या वेळा धुवा, फेसवॉशने दोनदाच. ॲडापॅलीन चालू राहू दे, फार तर एक रात्र आड करा. पण हे तीन बदल केले तरी तुमचा खरा त्रास जाईल असं मला वाटत नाही, कारण तो यांपैकी एकाही बाटलीत नाही. सनस्क्रीनच्या खाली चार थर बसले आहेत आणि वाळायला जागा न मिळालेला घाम त्यांच्यात अडकतो आहे.

चेहऱ्यावर जे चकाकतं ते तीन प्रकारचं असू शकतं: घाम, त्वचेचं स्वतःचं तेल म्हणजे सीबम, आणि आपणच लावलेल्या उत्पादनांचा थर. आरशात तिन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र वेगळे. ओळखायची पद्धत सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी चेहरा धुऊन काहीही न लावता तासभर बसा, मग कपाळावर आणि नाकावर ब्लॉटिंग पेपर दाबा. कागदावरचा डाग पाच-दहा मिनिटांत वाळून नाहीसा झाला तर तो घाम. पारदर्शक ठिपका तसाच राहिला तर तेल. आणि त्या तासात चेहरा बऱ्यापैकी कोरडा राहिला, पण एरवी सगळं लावल्यावर चिकचिक होते आणि बोट फिरवलं की बारीक गोळ्या निघतात, तर दोष उत्पादनांच्या थराचा. तेलकट त्वचेची तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये या तिसऱ्या गटातले लोक बरेच असतात.

आता हे का होतं ते बघू. घाम येण्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, चेहऱ्यावर साचून राहतो आणि त्वचेचा वरचा थर पाण्याने फुगतो. या फुगण्याने रंध्रांची तोंडं आणि घामाच्या नळ्या अरुंद होतात. दुसरीकडे, त्वचेचं तापमान एका अंशाने वाढलं तर सीबम बाहेर पडण्याचा वेग साधारण १० टक्क्यांनी वाढतो. शिवाय उष्णतेने ते पातळ होऊन भराभर पसरतं. तिसरी गोष्ट क्रीमची. घट्ट क्रीमचं एक मोठं काम त्वचेतलं पाणी उडून जाऊ न देणं हे असतं. दमट हवेत ते मुळातच कमी उडतं. म्हणजे पेट्रोलियम जेली, शिया बटर, मेण असलेलं क्रीम ज्या कामासाठी लावायचं, ते काम हवेनेच उचललेलं असतं, आणि क्रीमचा उरतो तो फक्त बुळबुळीतपणा.

हवा किती दमट आहे हे बघताना मोबाइलवरच्या आर्द्रतेच्या टक्केवारीवर जाऊ नका. ती तापमानाप्रमाणे बदलते. पहाटे ९० टक्के दिसेल आणि दुपारी ५० टक्के, पण हवेतलं पाणी तेवढंच असू शकतं. हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये दवबिंदूही (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते) दिलेला असतो, तो बघा. २० अंश सेल्सिअसच्या पुढे दवबिंदू गेला की चिकचिक जाणवायला लागते, २४ च्या वर घाम वाळणं फारच मंदावतं. दवबिंदू १० च्या आसपास आणि तापमान ४० असेल तर तो कोरडा उन्हाळा. त्या हवेत त्वचा ओढली जाते, ओठ फुटतात आणि खाली सांगितलेली काटछाट जशीच्या तशी लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे: दिवसाचे किती तास एसीत जातात? एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. आठ-नऊ तास एसीत बसणाऱ्याची त्वचा बाहेर घामाने भिजलेली आणि आत कोरडी, अशी दुहेरी परिस्थिती भोगते. गाल ओढल्यासारखे आणि कपाळ तेलकट, हे त्यातलंच. तुमचं तसं असेल तर सकाळीही हलकं मॉइश्चरायझर ठेवा, निदान गालांवर. पूर्ण चेहऱ्याला एकच गोष्ट लावली पाहिजे असा काही नियम नाही.

सकाळच्या सहा पायऱ्यांपैकी मी तीन ठेवीन. टोनर काढा, फेसवॉश सौम्य असेल तर टोनरला करण्यासारखं काम उरत नाही. हायल्युरॉनिक सीरम काढा. ते वाईट नाही, पण दमट हवेत त्याचा चिकट पापुद्रा वाळत नाही आणि वर सनस्क्रीन चोळलं की मळ निघावा तशा गोळ्या सुटतात. क्रीमही सकाळी काढा, कारण बहुतेक सनस्क्रीनमध्ये तेल, सिलिकोन आणि ग्लिसरीन एवढं असतं की तेलकट किंवा मिश्र त्वचेला तेच मॉइश्चरायझर म्हणून पुरतं. उरलं काय तर फेसवॉश, एक सीरम, सनस्क्रीन. सीरम एकच. काळे डाग हा मुख्य त्रास असेल तर व्हिटॅमिन सी ठेवा, तेल आणि लाली असेल तर २ ते ५ टक्के नायसिनामाइड. १० टक्क्यांच्या मागे लागू नका, घामेजलेल्या त्वचेवर ते पुष्कळांना चुरचुरतं आणि फायदा त्या प्रमाणात वाढत नाही.

व्हिटॅमिन सीबद्दल एक सूचना. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे त्याचं शुद्ध रूप, उष्णता, हवा आणि प्रकाश यांनी खराब होतं. पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असेल तोवर ठीक. गडद नारिंगी किंवा तपकिरी झालं की टाकून द्या. उन्हाळ्यात बाटली बाथरूममध्ये न ठेवता फ्रिजमध्ये ठेवा आणि लहान बाटली घ्या.

धुण्याबद्दल. फेसवॉश सकाळी एकदा, रात्री एकदा. व्यायाम करून किंवा फार घाम येऊन आलात तर तिसऱ्यांदा चालेल. मधल्या वेळात साधं, कोमट किंवा गार पाणी आणि मऊ रुमालाने टिपून घेणं, बस्स. घाम बहुतांशी पाणी आणि मीठ, तो पाण्याने निघतो. साबणाची वडी चेहऱ्याला नको. तिचा सामू (पीएच) ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास. वारंवार धुतल्यावर ग्रंथी चिडून जास्त तेल सोडतात असं सर्रास सांगितलं जातं, त्यात फारसं तथ्य नाही. तेल किती येणार हे मुख्यतः हार्मोन ठरवतात. नुकसान होतं ते त्वचेच्या संरक्षक थराचं. तो फाटला की घामाचं मीठ झोंबतं, ॲडापॅलीन भाजल्यासारखं लागतं, आणि लोक म्हणतात, उन्हाळ्यात मला काहीच मानवत नाही. पाणी लावलं तरी चुरचुरत असेल तर दोन आठवडे सीरम, ॲसिड, ॲडापॅलीन सगळं बाजूला ठेवा. फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन.

आता सनस्क्रीन, कारण इथेच उन्हाळ्यात सगळ्यात जास्त चुकतं. चिकचिक झाली की लोक सनस्क्रीन कमी लावतात. खालचे थर तसेच ठेवतात आणि जो एक थर पुरेसा जाड हवा तोच पातळ करतात. डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढं सनस्क्रीन लावलेलं असतं. प्रत्यक्षात आपण त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतो आणि संरक्षण त्यामानाने बरंच घसरतं. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, अशा दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, एवढं प्रमाण ठेवा. एकदम जमत नसेल तर एक रेघ लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग दुसरी. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा समान बसतात आणि कमी घसरतात. चोळत राहू नका. पसरवा आणि सोडा. बाहेर पडण्याआधी १५ मिनिटं द्या म्हणजे पापुद्रा जमतो. घामेजलेल्या चेहऱ्यावर तो जमतच नाही, म्हणून आंघोळीनंतर लगेच, गरम बाथरूममध्ये उभं राहून लावू नका. पंख्याखाली पाच मिनिटं बसा, चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या, मग लावा. ही एक सवय बदलली तरी सनस्क्रीन वितळण्याची निम्मी तक्रार संपते.

निवडताना एसपीएफ ३० ते ५० पुरे. ३० ने यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण, सुमारे ९७ टक्के अडतं, ५० ने ९८. पण आपण कमीच लावतो हे धरून मी ५० सुचवेन, चुकीला थोडी जागा म्हणून. यूव्हीएसाठी, म्हणजे त्वचेत खोल जाणाऱ्या अतिनील किरणांसाठी, ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं असावं, किंवा ‘पीए’ या अक्षरांपुढे तीन-चार अधिक चिन्हं. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं घ्या. त्याचा अर्थ पाण्यात ४० किंवा ८० मिनिटं टिकण्याची चाचणी झालेली आहे, दिवसभर टिकतं असा नाही. पोत जेल, फ्लुइड किंवा हलकं लोशन असावा. अल्कोहोल असलेली जेल सनस्क्रीन पटकन वाळतात आणि तेलकट त्वचेला आवडतात; फाटलेल्या त्वचेला झोंबतात. वांग असेल तर रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या. वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो आणि बिनरंगी सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही.

डोळ्यांत उतरण्याचं कारण बहुतेक वेळा डोळ्यांभोवती लावलेलं सनस्क्रीन नसतंच, कपाळावरचं असतं. घाम कपाळावरून खाली येतो आणि ते घेऊन येतो. कपाळाच्या खालच्या भागात आणि डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं स्टिक सनस्क्रीन लावा. मेणामुळे ते जागचं हलत नाही आणि रासायनिक फिल्टर असलेल्या सनस्क्रीनइतकं झोंबत नाही. मेण नको असं मी वर म्हटलं, पण एवढ्या छोट्या पट्टीला चालतं. फार घाम येणार असेल तर कपाळाला सनस्क्रीनपेक्षा रुंद काठाची टोपी जास्त उपयोगी.

उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. दिवसभर खिडकीपासून लांब, घरात किंवा ऑफिसात असाल तर एवढं काटेकोर राहायची गरज नाही. बाहेर पडण्याआधी एकदा लावा. पुन्हा लावताना घामावर आणि तेलावर थापायचं नाही. टिशू कपाळ, नाक, हनुवटीवर नुसता दाबून उचला, पुसू नका. पुसलं की उरलेलं सनस्क्रीनही निघतं. शक्य असेल तर पाण्याने धुऊन टिपा. मग दोन मिनिटं थांबून एक ते दोन रेघा सनस्क्रीन थोपटत लावा. सनस्क्रीन पावडर आणि चेहऱ्यावर मारायचा स्प्रे ही वरची मदत समजा. पुरेसं प्रमाण त्यांनी भरत नाही. उरला ताजेतवानं करणारा पाण्याचा फवारा. दमट हवेत, जिथे आहे ते पाणीच वाळत नाही, तिथे आणखी पाणी कशाला मारायचं, हे मला आजवर कळलेलं नाही.

रात्री हे सगळं निघालंही पाहिजे. वॉटर रेझिस्टंट सनस्क्रीन एका फेसवॉशने पूर्ण निघत नाही. आधी क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर हलक्या हाताने फिरवा, ओला हात लावून दुधाळ करा, धुवा. मग फेसवॉश ३० सेकंद. तेलाची धास्ती वाटत असेल तर मायसेलर वॉटर चालेल, पण तेही नंतर फेसवॉशने धुऊन टाका. केसांच्या रेषेत, कानांसमोर आणि जबड्याच्या कडेला थर राहतो आणि बारीक दाणे तिथूनच सुरू होतात.

ॲडापॅलीन थांबवू नका असं मी का म्हणतो? ते बंद केलं की काही आठवड्यांत बंद रंध्रं पुन्हा साचू लागतात, आणि हा काळ नेमका मुरुमांना पोषक. ०.१ टक्के ॲडापॅलीन प्रकाशात बऱ्यापैकी स्थिर असतं, रात्री लावलं आणि दिवसा सनस्क्रीन असेल तर उन्हाळ्यात चालतं. फक्त चेहरा धुतल्यावर २० मिनिटांनी, पूर्ण कोरड्या त्वचेवर, मटाराच्या दाण्याएवढं, आणि शक्यतो खोली गार झाल्यावर. घामेजलेल्या त्वचेवर ते जास्त जळजळतं. वर घट्ट क्रीमऐवजी जेल-क्रीम: घटकांच्या यादीत सुरुवातीला ग्लिसरीन, सोबत डायमेथिकॉन, जमल्यास सिरॅमाइड. उन्हात काम, सुट्टीतला प्रवास, पोहणं असेल त्या दिवसांत एक रात्र आड करा. गर्भधारणेचा विचार असेल तर ॲडापॅलीनबद्दल आधी डॉक्टरांशी बोला, ऋतू कोणताही असो. मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड वापरत असाल तर २.५ टक्के पुरतं. १० टक्क्यांनी मुरुम जास्त जात नाहीत, जळजळ मात्र वाढते. घामाबरोबर ते कॉलरवर आणि उशीवर उतरून रंग उडवतं, तेव्हा अभ्रा पांढरा ठेवा.

स्क्रब पूर्ण बंद. रंध्रांसाठी काही हवंच असेल तर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड आठवड्यातून दोन रात्री, ॲडापॅलीन नसलेल्या रात्री. ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रात शिरतं. ग्लायकोलिक ॲसिड कडक उन्हाच्या महिन्यांत मी टाळायला सांगतो. त्याने त्वचा उन्हाला हळवी होते आणि वापर थांबवल्यावरही तो परिणाम आठवडाभर राहू शकतो.

तुमच्या कपाळावरच्या पुरळीबद्दल न बघता ठाम सांगता येणार नाही, पण “खाजरी” आणि “बारीक” हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. मुरुम सहसा खाजत नाहीत, आणि ते एकसारखेही नसतात: काही काळे ठिपके, काही पांढरे, काही लाल, काही दुखरे. सगळे दाणे एकाच आकाराचे, एक-दोन मिलिमीटरचे, कपाळावर, केसांच्या रेषेत, छाती-पाठीवर, आणि घाम आला की खाजणारे असतील तर मॅलेसेझिया या यीस्टने झालेला फॉलिक्युलायटिस (केसांच्या मुळांचा दाह) असू शकतो. ही यीस्ट प्रत्येकाच्या त्वचेवर असते; घाम, उष्णता आणि तेल मिळालं की फोफावते. मुरुमांच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी ती वाढू शकते, कारण तिला आवर घालणारे जिवाणूच त्या मारतात. अशा वेळी २ टक्के किटोकोनाझोल शाम्पू कपाळावर फेसवॉशसारखा लावून पाच मिनिटं ठेवून धुणं, हे दोन आठवडे रोज करून बघता येतं. डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि त्या काळात चेहऱ्यावरची तेलं आणि केसांचं तेल कपाळापासून दूर ठेवा.

घामोळं वेगळं. ते घामाच्या नळ्या बंद पडून होतं, टोचल्यासारखं चुरचुरतं, मान, छाती, कोपराची घडी, कपड्याखाली झाकलेला भाग इथे जास्त येतं आणि गार जागी एक-दोन दिवस राहिलं की उतरायला लागतं. त्यावर मलम आणि क्रीम लावू नका, नळ्या आणखी बंद होतात. गार पाणी, सैल सुती कपडे, खाज असेल तर कॅलामाइन.

घरात कुठलंतरी स्टेरॉइडमिश्रित क्रीम पडलेलं असतं, ते यांपैकी कशावरही लावू नका. चार दिवस लाली आणि खाज कमी होते, मग यीस्ट किंवा नायटा आतून पसरतो आणि तपासणाऱ्यालाही ओळखू येत नाही. पुरळीत पू, ताप, वेगाने पसरणारी लाली, किंवा दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

सगळे बदल एकाच दिवशी करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पहिल्या आठवड्यात फक्त काढायचं: टोनर, हायल्युरॉनिक, सकाळचं क्रीम. सनस्क्रीन तेच ठेवा, प्रमाण पूर्ण करा. दुसऱ्या आठवड्यात रात्रीचं दुहेरी धुणं आणि जेल-क्रीम. चिकचिक कमी झाली पण सनस्क्रीन अजून उतरतं आहे असं दिसलं, तरच सनस्क्रीन बदलायला घ्या. मधे कधी धुतल्यावर दहा मिनिटांनीही गाल ओढलेले वाटले, किंवा नाकाच्या कडेला पापुद्रे दिसले, तर काटछाट जास्त झाली आहे. रात्री जेल-क्रीमचं प्रमाण वाढवा आणि आठवडाभर ॲडापॅलीन एक रात्र आड करा. ऋतू पालटून दवबिंदू १५ च्या खाली राहू लागला की आधी रात्रीचं जुनं क्रीम परत आणा, सकाळचं त्यानंतर, आणि तेही फक्त गालांना गरज वाटली तर.